एका आठवड्यात तीन ट्रायल: नागपुरात नव्याने काम शोधणाऱ्यांसाठी

"ये न उद्या. काम पाहतो तुझं, मंग बोलू पैशाचं."

नागपुरातलं माझं पहिलं 'काम' या एका वाक्यावर सुरू झालं आणि तीन दिवसांत संपलं. डिसेंबर होता. हिवाळी अधिवेशनामुळे हॉटेलं भरलेली, त्यात लग्नाच्या तिथी. सकाळी अकरापासून रात्री दहापर्यंत मी प्लेटा उचलल्या, टेबलं पुसली, पार्सलं बांधली. तिसऱ्या रात्री मालक म्हणाले, "तुझा हात जरा स्लो आहे," आणि विषय संपला. पैसे शून्य. चौथ्या दिवशी तिथे दुसरी मुलगी ट्रायलला उभी होती, हे मला तिथल्याच भांडी घासणाऱ्या मावशींनी सांगितलं.

तीन दिवस फुकट राबले याचं वाईट वाटलंच. पण खरं नुकसान मला नंतर कळलं. त्याच तीन दिवसांत आणखी दोन जागांवरून फोन येऊन गेले होते. माझा फोन लॉकरमध्ये होता. रात्री परत फोन केला तर एका ठिकाणी माणूस घेऊन झाला होता, दुसऱ्या ठिकाणी कोणी उचललाच नाही.

मी आर्वीची. आता एका बेकरी-कॅफेत शिफ्ट लावायचं काम माझ्याकडे आहे आणि नव्या मुलामुलींच्या ट्रायलही मीच घेते. म्हणजे काउंटरच्या दोन्ही बाजू पाहून झाल्या आहेत. खाली जे लिहिते आहे ते कॅफे, हॉटेल, बेकरी, कपड्याचं दुकान, सलून, मेडिकल स्टोअर अशा जागांसाठी. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कंपन्यांतली भरती वेगळी चालते, तिच्यात मी शिरत नाही.

१. ट्रायल कशाला म्हणायचं ते आधी ओळखा

ट्रायल म्हणजे तुम्हाला काम येतं का, हे पाहण्यासाठी ठरवून दिलेले थोडे तास. कॉफी बनवून दाखव, दहा मिनिटं गिऱ्हाईक सांभाळ, कांदा काप, साडीची घडी घाल. यासाठी एक तास पुरतो, गर्दीतलं काम पाहायचं असेल तर दोन-तीन. तुम्ही केलेल्या वस्तूचं बिल गिऱ्हाइकाकडून घेतलं जातंय, दिवसभर रोजच्या माणसाच्या जागी तुम्ही उभे आहात आणि तुमच्याकडे पाहायला कोणाला फुरसत नाही, असं असेल तर ती ट्रायल नाही, ती शिफ्ट आहे. शिफ्टचे पैसे असतात.

कायद्याचं बोलायचं तर किमान वेतनाच्या जुन्या कायद्यात 'ट्रायल आहे म्हणून फुकट' अशी सूट कुठे लिहिलेली नव्हती. त्याच्या जागी २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिच्यातही तशी सूट नाही. हे वाचून मालकाशी कायदा बोलायला जाऊ नका, पहिल्याच भेटीत तर नाहीच. पण स्वतःला माहीत असलं की पैसे विचारताना आवाज खाली जात नाही. माझा जात होता. आपण भीक मागतोय असं वाटायचं.

फुकटच्या ट्रायलचाही हंगाम असतो. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस कपड्याची आणि मिठाईची दुकानं, डिसेंबरात हॉटेलं, उन्हाळ्यात लग्नाचे हॉल आणि आइस्क्रीम पार्लर. या काळात 'चार-पाच दिवस ट्रायल दे' असं कोणी म्हटलं तर सरळ समजा की त्यांना हंगामापुरते हात हवे आहेत. हंगामी काम करायला हरकत काहीच नाही, पण मग ते रोजीवर करा आणि रोज संध्याकाळी पैसे घ्या.

२. फोनवरच पाच गोष्टी ठरवा

ट्रायलला बोलावणं आलं की आनंदात "हो सर, येते" म्हणून फोन ठेवू नका. वही जवळ घ्या आणि विचारा:

– किती वाजता यायचं आणि किती वाजता सुटणार? 'आल्यावर पाहू' हे उत्तर नव्हे.
– एकच दिवस आहे की जास्त?
– त्या तासांचे पैसे आहेत का, किती, आणि त्याच दिवशी मिळतील का?
– मला कोण पाहणार? त्यांचं नाव काय?
– हो की नाही, ते कधीपर्यंत कळवाल?

पाचवा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी बोलणी चालू असतील तर सगळ्यात कामाचा तोच. त्याच्याशिवाय पुढचं गणित बसत नाही.

फोन झाल्यावर जे ठरलं ते व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा. भाषा साधी ठेवा: "नमस्कार सर, आत्ता फोनवर बोलल्याप्रमाणे बुधवारी दुपारी ३ ते ६ ट्रायलला येते. तीन तासांचे ठरलेले पैसे त्याच दिवशी आणि निकाल शुक्रवारपर्यंत, असं ठरलं आहे. काही बदल असेल तर कळवा." समोरून नुसता अंगठा आला तरी चालतो. उद्या वाद झालाच तर हाच तुमचा कागद. पैशाचं ठरलं नसेल तर तेही तसंच लिहा: "ट्रायलचे पैसे नाहीत, फक्त एक तास काम दाखवायचं आहे." एक तास फुकट दाखवायला मी ना म्हणणार नाही. नऊ तासांना म्हणेन.

पैशाचं विचारलं म्हणून एखादा चिडला तर तिथेच थांबा. मी ट्रायल घेते तेव्हा पैशाचं विचारणाऱ्या मुलीबद्दल माझं मत चांगलंच होतं. हिशेब विचारणारी पोरगी गल्लासुद्धा नीट सांभाळेल, असं वाटतं.

३. तारखा लावणं

इथेच सगळे चुकतात. मीही चुकले, आणि दोनदा.

दुसरी चूक अशी. एका रविवारी मी दोन ट्रायल घेऊन बसले. सकाळी दहाला सदरमध्ये, दुपारी चारला मनीषनगरात. सदरची दोनला संपायची होती. पण रविवारची दुपार, बाहेर गिऱ्हाईक उभं. "अर्धा तास थांब न बेटा, नंतर जा." त्या अर्ध्या तासाचे दोन तास झाले. मधेच निघून गेले तर ही जागा जाईल, थांबले तर ती जाईल, आणि हातातल्या ट्रेमधले ग्लास किणकिण वाजतायत. कस्तुरचंद पार्कला मेट्रो धरून उज्ज्वलनगरला उतरले तेव्हा पाच वाजून गेले होते. अंगाला तळणाचा वास. दुसऱ्या जागेच्या मॅडमनी दारातच पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही दमलेल्या दिसता." झालं. सदरच्या जागेनेही मला घेतलं नाही, तो भाग वेगळा.

तेव्हापासून माझा नियम: एका दिवशी एकच ट्रायल, आणि मधे जमलं तर एक दिवस मोकळा. आठ तास उभं राहायची सवय नसते तेव्हा दुसऱ्या दिवशी पोटऱ्या बोलतात.

क्रम कसा लावायचा? जी जागा तुम्हाला सगळ्यात जास्त हवी आहे ती पहिली ठेवू नका. पहिल्या ट्रायलला हात थरथरतात, केओटी, म्हणजे किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, कुठे लावायची कळत नाही, पाणी मागितलं तर आपण पाणी शोधत फिरतो. ते सगळं दुसऱ्या पसंतीच्या जागेवर होऊ द्या आणि आवडती जागा दुसऱ्या नंबरवर ठेवा. तिसऱ्यावरही नको, तोवर पहिल्या दोघांपैकी कोणाचा तरी 'उद्यापासून ये' असा फोन आलेला असतो आणि आपण घाईत हो म्हणून टाकतो.

मात्र जिथे अजिबात काम करायचंच नाही, तिथे नुसत्या सरावासाठी जाऊ नका. त्या जागेला खरंच माणूस हवा असतो, कोणीतरी आपलं काम सोडून तुम्हाला शिकवत असतं. आणि नागपूर म्हणाल तर अजून मोठं खेडंच आहे. कॅफेवाले एकमेकांना ओळखतात. दूध देणारा, ब्रेड देणारा, मशिन दुरुस्त करणारा माणूस दहा ठिकाणी फिरतो आणि गोष्टी घेऊन फिरतो.

शनिवार-रविवारी बोलावलं म्हणून लगेच संशय घेऊ नका. मी स्वतः शनिवारी संध्याकाळी दोन तासांसाठी बोलावते, कारण मंगळवारी दुपारी तीनला सगळेच चांगले दिसतात. गर्दीत कोण गडबडतो आणि कोण गडबडूनही हसून "दोन मिनिटं थांबा हं दादा" म्हणतो, ते शनिवारीच कळतं. फरक तासांचा आहे. शनिवारी दोन तास म्हणजे ट्रायल. शनिवार-रविवार पूर्ण म्हणजे फुकटचा माणूस.

दुसरीकडे बोलणी चालू आहेत हे सांगायचं का? सांगायचं, पण विचारल्यावर, आणि नाव न घेता. "हो सर, अजून एका ठिकाणी ट्रायल आहे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत माझा निर्णय नक्की सांगते." एवढं पुरे. "कुठे?" असं विचारलं तर हसून "याच भागात आहे" म्हणा. खोटं बोलू नका. "मामांचं लग्न आहे म्हणून गुरुवारी येऊ शकत नाही" असं मला एका पोराने सांगितलं होतं, आणि गुरुवारी तो मला शंकरनगरला एका काउंटरच्या मागे टोपी घालून दिसला. बिचाऱ्याने मलाच "काय घेणार मॅडम?" विचारलं.

तारीख बदलायची वेळ आली तर आदल्या दिवशी संध्याकाळच्या आत फोन करा, मेसेज नको. ट्रायलच्या सकाळी 'ताप आला' असा मेसेज मला आठवड्याला एक तरी येतो, त्यामुळे खऱ्या तापावरही विश्वास बसत नाही.

आधीच कुठे नोकरीत असाल तर ट्रायल साप्ताहिक सुटीच्या दिवशी लावा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकानं वर्षभर उघडी ठेवायला परवानगी आहे, पण कामगाराला आठवड्याची सुटी द्यावीच लागते. तोच तुमचा दिवस. जुन्या जागेचा टी-शर्ट घालून नव्या जागेच्या ट्रायलला जाऊ नका. हसू नका, लोक येतात.

वहीचं एक पान यासाठीच ठेवा. आडव्या रेघा मारून प्रत्येक जागेपुढे लिहा: फोन कोणी केला, ट्रायल कधी, तास किती, पैसे किती ठरले, त्यांचा निकाल कधी, मी कधी कळवायचं. शेवटचे दोन रकाने लाल पेनने. माझी ती वही अजून आहे, तिच्यावर तर्रीचा डाग आहे.

४. पिशवीत काय असावं

कागद:
– एका पानाचा बायोडेटा, दोन प्रती. जुन्या कामाच्या जागेचा फोन नंबर देण्याआधी तिथल्या माणसाला विचारून घ्या.
– आधारची झेरॉक्स, शक्यतो मास्क्ड आधार, म्हणजे ज्यावर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात ते. आधारच्या वेबसाइटवरून ते उतरवता येतं. झेरॉक्सवर आडवं लिहा: 'फक्त नोकरीच्या ट्रायलसाठी', तारीख, सही.
– दोन पासपोर्ट फोटो.
– खाण्याच्या धंद्यात जात असाल तर मेडिकल फिटनेस प्रमाणपत्र. अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा तपासणी आणि टायफॉइडची लस हा अन्नसुरक्षेचा नियमच आहे. ट्रायलला बहुतेक जण मागत नाहीत, पण काढून ठेवलं असेल तर तुमचा अर्ज वर येतो.
– पैसे घ्यायला यूपीआय चालू असलेला नंबर.

पॅन कार्ड आणि बँकेचं पासबुक नोकरी पक्की झाल्यावर. मूळ कागद कोणाच्याही हातात ठेवू नका. मार्कशीट 'आमच्याकडे जमा राहील' म्हणणारी जागा सोडून द्या. कोऱ्या कागदावर सही नाही, कोरा चेक नाही. आणि रजिस्ट्रेशन, युनिफॉर्म, ट्रेनिंग असल्या नावाने आधी पैसे मागणारे नोकरी देत नाहीत, नोकरी विकल्याचं नाटक करतात. फोनवरून कोणी असे पैसे उकळले तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

सामान: पुढून बंद, न घसरणारे काळे बूट, केसांना रबर आणि जाळी, पेन, खिशात मावेल अशी छोटी वही, पाण्याची बाटली, जास्तीचा रुमाल. नखं कापलेली, किचनमध्ये जायचं असेल तर अंगठ्या-बांगड्या घरी. एप्रिल-मे असेल तर बदलायचा शर्ट वेगळा न्या. नागपूरच्या ४५ अंशांतून गाडी चालवत गेलात तर पोहोचेपर्यंत अंगातल्या शर्टात काही अर्थ राहत नाही. दुपट्टा बांधा, आणि पोहोचल्यावर पाच मिनिटं सावलीत बसून मग आत जा.

महत्त्वाचे दोन नंबर आणि तिथला पत्ता कागदावरही लिहा, कारण किचनमध्ये फोन जमा करून घेतात. आणि ज्या बाकीच्या जागांवरून फोन येऊ शकतो, त्यांना सकाळीच मेसेज टाका: "आज ३ ते ६ फोन घेता येणार नाही, साडेसहाला मी स्वतः करते." एवढी एक ओळ पहिल्या वेळी लिहिली असती तर त्या दोन जागा गेल्या नसत्या.

५. जाण्यायेण्याचं

ट्रायल किती वाजता सुटते यापेक्षा घरी किती वाजता पोहोचता ते पाहा. मेट्रोची ऑरेंज लाइन ऑटोमोटिव्ह चौकापासून खापरीपर्यंत, अॅक्वा लाइन प्रजापतीनगरपासून लोकमान्यनगरपर्यंत, आणि दोन्ही सीताबर्डीला भेटतात. म्हणजे धरमपेठेत राहून वर्धा रोडला काम असेल तर सीताबर्डीला गाडी बदलायची. हॉटेलची रात्रीची शिफ्ट अकराला सुटते आणि मेट्रो त्याआधी बंद झालेली असते. मग ऑटो. रोजचा ऑटो पगारातून वजा करून पाहा.

मुलींनी हे ट्रायलच्या आधीच बोलावं. माझ्या होस्टेलचं गेट साडेनऊला बंद व्हायचं. "दहा मिनिटं इकडेतिकडे चालते" असं मी मनातच ठरवलं होतं, वॉर्डनकाकूंनी नाही. २०१७ च्याच दुकाने कायद्याप्रमाणे, वीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या जागी रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि सुरक्षिततेची व घरी सोडण्याची सोय मालकाने करायची असते. ट्रायलला जाताना घरच्यांना किंवा रूममेटला लाइव्ह लोकेशन देऊन जा. जागा दुकान किंवा हॉटेल नसून कोणाचा फ्लॅट निघाला तर दारातूनच परत फिरा. अडचण वाटली तर ११२.

६. ट्रायलच्या दिवशी

दहा मिनिटं आधी पोहोचा. अर्धा तास आधी नको, तुम्हाला कुठे बसवायचं हा त्यांना प्रश्न पडतो. आत गेल्यावर पहिली गोष्ट: हात धुवा, कोणी सांगायच्या आधी.

माझ्या तिसऱ्या ट्रायलला शेफनी मोठं घमेलं भरून कांदे पुढे ठेवले आणि निघून गेले. मी कापत बसले. डोळ्यांतून पाणी, चाकू बोथट, बाजूचा मुलगा माझ्या दुप्पट वेगाने कापतोय. अर्धं घमेलं झालं तेव्हा बोर्ड घसरायला लागला, म्हणून मी थांबले, बोर्ड आणि चाकू पुसला, टरफलं एका भांड्यात भरली, ओला नॅपकिन बोर्डखाली ठेवला आणि परत सुरू केलं. शेफ दारातून पाहत होते हे मला माहीतच नव्हतं. नोकरी मिळाल्यावर महिन्याभराने ते म्हणाले, "कांदे त सगळेच कापते वं. तू बोर्ड पुसला, म्हणून ठेवली तुले."

आता मीही तेच पाहते. वेग शिकवता येतो. काम संपल्यावर हात मागे बांधून उभं राहण्यापेक्षा "आता काय करू?" असं विचारणारा माणूस मला हवा असतो. न कळल्यावर मान हलवणारा नको, दुसऱ्यांदा विचारणारा हवा. ग्लास फुटला तर लपवू नका, सांगा. ट्रायलमधल्या फुटलेल्या ग्लासाची भरपाई कोणी मागितली, तर ती जागा कशी आहे हे एका ग्लासात कळलं असं समजा.

आणि त्यांची परीक्षा तुम्ही घ्या. जुनी माणसं किती आहेत पाहा. भांडीवाल्या मावशींना विचारा, "किती वर्षं झाली इथे?" त्यांना सगळं ठाऊक असतं. स्टाफचं जेवण काय आणि कुठे बसून जेवतात? उभ्याउभ्या, गॅसच्या बाजूला, पाच मिनिटांत? कपडे बदलायला जागा आहे का, बाथरूमला कडी आहे का? हजेरीचं रजिस्टर किंवा मशिन दिसतं का? आणि पगार वेळेवर होतो का, हे आत विचारू नका. सुटल्यावर बाहेरच्या पानठेल्यावर उभा असलेला तिथलाच पोरगा दोन मिनिटांत सांगतो.

ठरलेली वेळ झाली की स्वतःहून म्हणा, "सर, सहा झाले. माझी वेळ संपली, अजून काही पाहायचंय का?" थांबायला सांगितलं तर पंधरा-वीस मिनिटं ठीक. त्यापुढे "मग वाढीव वेळेचं कसं करायचं?" हे शांतपणे विचारा. सदरला मला हे वाक्य सुचलं नव्हतं.

७. पैसे आणि दुसऱ्या ट्रायलचं आमंत्रण

ठरलेले पैसे निघायच्या आधी मागा. "उद्या टाकतो" म्हटलं तर त्याच वेळी मेसेज करा: "आजच्या तीन तासांचे ठरलेले पैसे या नंबरवर." दोन दिवसांनी एक आठवण, चार दिवसांनी फोन, आणि मग प्रत्यक्ष जाऊन भेटा, गर्दीची वेळ सोडून. कामाचे दिवस जास्त असतील आणि टोलवाटोलवी चालली असेल तर सिव्हिल लाइन्समधल्या कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार देता येते. तिथे ते व्हॉट्सअॅपचे मेसेज आणि वहीतल्या तारखा उपयोगी पडतात. तीन तासांच्या पैशांसाठी मी तिथे गेले नसते, हेही खरं. पण तीन दिवसांसाठी आज जाईन.

"काम आवडलं, पण अजून एकदा ये" असं म्हटलं तर? दुसरी ट्रायल पैसे घेऊनच. तिसरी नाही.

८. दोन जागांनी हो म्हटलं तर

पहिला हो आला की लगेच हुरळून जाऊ नका. "खूप धन्यवाद सर. परवा संध्याकाळी सहापर्यंत पक्कं सांगते." दोन दिवस मागायला कोणाची ना नसते. आणि आवडत्या जागेचा निकाल बाकी असेल तर त्यांना फोन करा: "सर, मला एक ऑफर आली आहे, पण तुमच्याकडे काम करायची इच्छा आहे. परवाच्या आत कळू शकेल का?" ही धमकी नाही. खरं असेल तरच म्हणा, कारण "मग ती घे" हेही उत्तर येऊ शकतं.

पगाराचा आकडा ऐकला की विचारा, हातात किती? समजा १४,००० सांगितले आणि पूर्ण रकमेवर पीएफ-ईएसआयसी कापली. पीएफचे १२ टक्के म्हणजे १,६८० आणि ईएसआयसीचे ०.७५ टक्के म्हणजे १०५ गेले, हातात राहिले १२,२१५. पुरुषांचा व्यवसाय कर आणखी २०० जातो. महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ आहे. हे पैसे कापतात म्हणून तोंड वाकडं करू नका. पीएफ तुमच्याच नावावर साठतो, आणि ईएसआयसी असली की दवाखान्याचा खर्च डोक्यावर येत नाही. उलट 'आमच्याकडे काहीच कापत नाही, सगळे हातात' म्हणणाऱ्या मोठ्या हॉटेलाला विचारा, का कापत नाही?

दुसरं गणित घराबाहेरच्या तासांचं. एक जागा १४,००० देते आणि सलग नऊ तास. दुसरी १६,००० देते, पण ब्रेक शिफ्ट: सकाळी अकरा ते रात्री अकरा, मधे तीन तास सुटी. ते तीन तास घरी जाऊन येण्यात जातात किंवा हॉटेलच्या मागच्या पायरीवर. २६ दिवसांचे पहिले २३४ तास, दुसरे ३१२. तासाला पहिली जागा साठ रुपयांच्या आसपास पडते, दुसरी एक्कावन्नच्या. मी पहिली घेतली. आईला मात्र अजून वाटतं की मी दोन हजार सोडले.

हो म्हणण्याआधी पगार, पगाराची तारीख, शिफ्ट, सुटीचा वार आणि रुजू व्हायचा दिवस लेखी घ्या. नियुक्तीपत्र देत असतील तर उत्तम, नाहीतर निदान मेसेजवर.

९. नाही म्हणणं

एकीकडे रुजू व्हायचं पक्कं झालं की बाकीच्यांना त्याच दिवशी कळवा. गायब होऊ नका. ज्या जागेने तुमच्यासाठी शिफ्ट रिकामी ठेवली आहे तिथे दुसरा कोणीतरी डबल ड्युटी मारत असतो. "सर, मी दुसरीकडे रुजू होते आहे. तुम्ही वेळ दिलात, काम दाखवलंत, त्याबद्दल आभार." कारण विचारलं तर एकच सांगा, घरापासून जवळ आहे किंवा वेळ सोयीची आहे. त्यांच्या किचनमधल्या झुरळांचा विषय काढू नका.

ठरलेल्या ट्रायल बाकी असतील तर त्या रद्द करा, 'पाहून तर येऊ' म्हणून जाऊ नका.

आणि अॅप्रन. ट्रायलला दिलेला अॅप्रन किंवा टोपी पिशवीत तशीच घरी येते आणि खुंटीला राहते. धुऊन, घडी करून, गर्दी नसेल अशा दुपारी नेऊन द्या. ज्या मनीषनगरच्या मॅडमनी मला दारातून परत पाठवलं होतं, त्यांच्याकडे मी चार महिन्यांनी पुन्हा ट्रायल दिली. त्यांनी घ्यायची तयारी दाखवली, पण मी दुसरीकडे रुजू झाले. अॅप्रन परत द्यायला गेले तेव्हा त्यांनी बसवून चहा दिला. आता आमच्याकडे माणूस कमी पडला की मी त्यांना फोन करते, आणि त्यांच्याकडे जागा भरली की त्या उरलेली नावं मला पाठवतात.